शपथ आणि उपचार

दारूविषयी आपल्या चळवळीत पुष्कळ बोलले गेले आहे. दारूच्या आहारी गेलेल्या माणसाचे पुढे काय करावयाचे, याविषयी मात्र फार थोडे बोलले गेले आहे. जयंतीच्या व्यासपीठावरून वक्ता सांगतो, “दारू सोडा, पोरांना शिकवा.” टाळ्या पडतात. त्याच मंडपात मागच्या बाजूला एक माणूस उभा असतो. त्याने चार वेळा दारू सोडलेली असते आणि चारही वेळा पुन्हा धरलेली असते. पिऊ नये हे त्याला वक्त्याइतकेच ठाऊक असते. न पिता कसे राहावयाचे, हे त्याला ठाऊक नसते. त्या भाषणातून त्याला लाज तेवढी मिळते, आणि लाज विसरण्यासाठी तो त्याच संध्याकाळी पुन्हा गुत्त्यावर जातो.

या माणसासंबंधी आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर नीतीचे आहे: त्याचे मन कच्चे आहे, त्याने शील मोडले. दुसरे उत्तर व्यवस्थेचे आहे: ज्या समाजरचनेने त्याला गटारात उतरविले तिनेच त्याच्या हाती बाटली दिली; रचना बदलल्याखेरीज बाटली सुटणार नाही. पहिल्या उत्तरात माणसाची निंदा आहे, दुसऱ्यात त्याच्याविषयी कणव आहे. परंतु दोन्ही उत्तरे त्याला दवाखान्याच्या दारापर्यंत नेत नाहीत. व्यसनाचा उगम समाजात असतो, ते वाढते शरीरात आणि मनात, आणि त्यावर उपचार आहेत. तो उपचार मागणे हा शीलाचा पराभव नव्हे. तो हक्क आहे. या लेखात हेच मांडावयाचे आहे.

परंपरेचा अर्थ

महात्मा जोतीराव फुले १८८० साली पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात दारूची दुकाने वाढविण्यास त्यांनी त्या वर्षी पत्र लिहून विरोध केला. लोकांच्या नीतीबरोबर आरोग्याचीही हानी होते, हा त्यांचा मुद्दा होता. दारूचा प्रश्न आरोग्याचा आणि म्हणून नगरपालिकेच्या जबाबदारीचा आहे, ही जाणीव या पुण्यात इतकी जुनी आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांपुढे बोलले, तेव्हा पिऊन येणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला जेवायला वाढू नका, असे त्यांनी सांगितले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे.

या प्रतिज्ञेचे मोल कमी लेखावयाचे नाही. असंख्य घरांत तिने चूल पेटती ठेवली. माझ्यासारखे जे पहिल्या पिढीत पदवीधर झाले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या शिक्षणामागे आजोबांनी किंवा वडिलांनी त्या दिवसांत सोडलेली दारू आहे. परंतु पंचशीलातील पाचव्या शीलाची भाषा नीट पाहिली पाहिजे. मूळ पालीत त्याला ‘शिक्षापद’ म्हटले आहे. दूर राहण्याचे शिक्षण मी स्वीकारतो, असा त्याचा आशय आहे. जो शिकतो तो चुकतो, पुन्हा बसतो, पुन्हा शिकतो. शिक्षापद हे अपराध्याला फोडून काढण्याचे हत्यार नव्हे. आपण मात्र कित्येकदा त्याचे तसे हत्यार केले आहे. परिणाम असा की, ज्याची प्रतिज्ञा मोडते तो विहारात येणे बंद करतो, शाखेच्या बैठकीला येणे बंद करतो. आणि जेथून त्याला आधार मिळावयाचा तेथूनच तो तुटतो.

योगायोग असा की, त्याच १९५६ साली अमेरिकेतील डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने दारूचे व्यसन हा आजार आहे आणि अशा रुग्णांना रुग्णालयांनी दाखल करून घ्यावे, अशी भूमिका घेतली. तोवर तेथेही दारुड्याला रुग्णालये दारातून परत पाठवीत. म्हणजे वैद्यकशास्त्रालाही ही गोष्ट पटावयास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

शरीरात काय घडते

पहाटे आरोग्य कोठीवर हजेरी लावून ड्रेनेजवर जाणाऱ्या कामगाराचे उदाहरण घ्या. पोटात घोट असल्याशिवाय तो वास सोसत नाही, असे हे कामगार सांगतात. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. तरी माणसे गटारात उतरतात आणि मरतातही. अशा कामगाराला आरंभी अर्ध्या क्वार्टरमध्ये गुंगी येते. काही महिन्यांनी तेवढ्याने काहीच होत नाही; मेंदूला सवय झालेली असते. मग क्वार्टर, मग दोन. दारू मेंदूला मंदावते, म्हणून मेंदू स्वतःला अधिक चेतवून तोल सांभाळू लागतो. एके दिवशी दारू मिळाली नाही की मंदावणारी गोष्ट निघून जाते आणि चेतवलेला मेंदू तसाच राहतो. हात थरथरतात, घाम सुटतो, छाती धडधडते, झोप येत नाही, पोटात काही ठरत नाही. एक घोट घेतला की हे सारे थांबते. या टप्प्यावर माणूस मजेसाठी पीत नसतो. थरथर थांबविण्यासाठी पीत असतो.

येथे प्रत्येक कार्यकर्त्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू बंद केली तर त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होऊ लागतात, नसलेली माणसे दिसतात, भिंतीवर किडे चालताना दिसतात, तापाने अंग फणफणते. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावतो. वस्तीत लोक म्हणतात, “दारू सोडली आणि गेला,” किंवा “बाहेरचे लागले.” बाहेरचे काही नसते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन हा काळ सुखरूप पार करता येतो. म्हणून “आत्ताच्या आत्ता शपथ घे आणि कोंडून घे स्वतःला” हा सल्ला जुन्या पिणाऱ्याला कधी देऊ नये.

दुसरा धोका पुण्याच्या भिंतींवर रंगविलेला असतो: ‘दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत.’ हताश झालेली बायको पैसे जमवून ती पूड आणते आणि आमटीत कालवते. अशा पुडीत काय आहे हे कोणालाच कळत नाही. डायसल्फिरम नावाचे खरे औषध आहे. ते घेऊन दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. म्हणूनच डॉक्टर ते रुग्णाला सर्व समजावून, त्याची संमती घेऊन देतात. ते नकळत दिले आणि माणूस नेहमीसारखा प्याला, तर प्राणावर बेतू शकते. पिण्याची ओढ कमी करणारी अन्य औषधेही आज उपलब्ध आहेत. तीही डॉक्टरांनीच द्यावयाची. माणसाला फसवून बरे करता येत नाही.

मनात काय घडते

व्यसन आणि मनाचे आजार पुष्कळदा एकत्र राहतात. कोणी उदासीनतेवर उतारा म्हणून पितो. दारू थोडा वेळ बरे वाटविते आणि मग उदासीनता आणखी वाढविते. कोणी आधी पितो आणि मग उदास होतो. म्हणून केवळ दारू तोडून भागत नाही; मनाचीही तपासणी करावी लागते.

आपल्या मुलांच्या बाबतीत हे अधिक अवघड असते. वर्गात शिकविताना मी पाहतो, की पहिल्या सत्रात पुढच्या बाकावर बसणारा मुलगा दुसऱ्या सत्रात हजेरीपटावर लाल शाईने भरलेला असतो. विचारले तर म्हणतो, “सर, डोके दुखते. झोप लागत नाही. वाचलेले डोक्यात राहत नाही.” तो गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, सुई घेतो, ताकदीच्या गोळ्या घेतो. ‘उदास वाटते’ हे बोलण्याची रीत आपल्या घरांत नाही; दुःख अंगदुखी होऊन बाहेर येते. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन न लागणे, झोप आणि भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे सतत वाटणे, मरणाचे विचार येणे ही उदासीनतेच्या आजाराची लक्षणे आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. अन्यायाला आजार म्हटले की अन्याय करणारा सुटतो. हैदराबाद विद्यापीठात १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित वेमुला गेला. मुंबईत २२ मे २०१९ रोजी डॉ. पायल तडवी गेली. या मृत्यूंना केवळ ‘मानसिक कमजोरी’ म्हणणे हा संतापजनक खोटेपणा ठरेल. परंतु गिरणीत धूळ आहे म्हणून कामगाराला दम्याचे औषध द्यावयाचे नाही, असे आपण म्हणत नाही. धुळीविरुद्ध संप करतो आणि औषधही देतो. जातीय अपमानाने मोडलेल्या मनाच्या बाबतीत निराळा न्याय का? लढणारा माणूस जिवंत असेल, रात्री झोपू शकत असेल, तरच लढा उभा राहतो. उपचार घेतल्याने अन्यायाला माफी मिळत नाही.

येरवडा: एक शब्द आणि एक प्रयोग

पुण्यात ‘येरवड्याला पाठवा’ हे शब्द शिवीसारखे वापरले जातात. तेथे तुरुंग आहे आणि शासनाचे मनोरुग्णालयही आहे. लोकांच्या मनात दोहोंची भिंत एकच झाली आहे. व्यसनाच्या उपचाराचा पुण्यातला सर्वांत परिचित प्रयोग याच मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झाला. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात शहरात ‘गर्द’ पसरली. अनिल अवचट यांनी तिच्या विळख्यात सापडलेल्या मुलांविषयी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपयांची मदत देऊ केली. मनोरुग्णालयात डॉक्टर असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी पुढाकार घेतला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. अनिताताई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट जानेवारी २०२२ मध्ये. केंद्राचे काम आज त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर पाहतात. आता त्याची येरवड्यातच स्वतंत्र वास्तू आहे.

त्या प्रयोगातील तीन गोष्टी आपण उचलण्याजोग्या आहेत. एक, व्यसनी माणूस गुन्हेगार नसून रुग्ण आहे, असे धरून त्याच्याशी मारझोड न करता वागणे. दोन, व्यसनातून बाहेर आलेल्या माणसांनाच कार्यकर्ते म्हणून उभे करणे. “मीही तेथेच होतो” हे वाक्य जे काम करते ते पदवी करू शकत नाही. तीन, पत्नी आणि घरच्यांना उपचारात सामील करून घेणे, कारण इतक्या वर्षांत त्यांचीही मने आजारी झालेली असतात. स्त्रियांनाही व्यसन जडते, परंतु त्यांची लाज दुप्पट असल्याने ते लपते. त्यांच्यासाठी तेथे ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग पुढे सुरू झाला.

तथापि, आपल्या वस्तीच्या बाजूने पाहिले तर एक अडचण उघड दिसते. महिनाभर दाखल व्हावयाचे म्हणजे महिनाभराची मजुरी बुडवावयाची. बिगाऱ्याला पगारी रजा नसते. कंत्राटी कामगार परत येईतो त्याची जागा भरलेली असते. म्हणून दाखल होणे हाच एकमेव मार्ग आहे, असे समजू नये. ससून रुग्णालयाच्या मनोविकार विभागात आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण म्हणून केसपेपर काढून तपासून घेता येते. ज्याचे व्यसन जुने नाही, ज्याला पूर्वी आकडी आलेली नाही आणि घरी लक्ष देणारे कोणी आहे, अशा पुष्कळांवर डॉक्टर घरी ठेवूनच उपचार करतात. त्याच्या जोडीला ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या सभा आहेत. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिला फी नाही, नाव-गाव-जात विचारली जात नाही. दारू थांबविण्याची इच्छा एवढीच अट. तिच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, तो आपल्या मंडळींना खटकतो. पण ज्याची त्याची कल्पना ज्याने त्याने ठरवावी असे ती चळवळ स्वतःच म्हणते. एकमेकांचा आधार हीच ती शक्ती, असे मानून बसणारेही पुष्कळ आहेत.

कायदा काय सांगतो

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्स रुग्णालयाकडून केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू पितात आणि २.७ टक्के लोक तिच्यावर पूर्णतः अवलंबून आहेत. अशा अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कोणतातरी उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार १८० जणांमागे एकाला. राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही आहे आणि दारूवरील शुल्काने शासनाची तिजोरीही भरते. ज्या मालावर तिजोरी भरते त्या मालाने पडलेल्या माणसाचा उपचार मागण्यात भीक कसली?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला. दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. शासनाच्या किंवा शासकीय मदतीवर चालणाऱ्या सेवांतून उपचार मिळणे हा हक्क आहे, आणि त्यात भेदभाव करता येणार नाही, असे कलम १८ सांगते. भेदभावाच्या कारणांत ‘जात’ हा शब्द स्पष्टपणे आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, तेथे विनामूल्य उपचार मिळाले पाहिजेत. साखळीने बांधण्यास बंदी आहे. माहिती गुप्त ठेवली पाहिजे. जो स्वतःच्या इच्छेने दाखल झाला त्याला घरी जाण्याची मागणी करता येते. डॉक्टर फार तर २४ तास तपासणीसाठी थांबवू शकतात. आत्महत्येचा प्रयत्न करणारा अतीव ताणाखाली होता असे कायदा गृहीत धरतो. त्याच्यावर खटला भरण्याऐवजी त्याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. म्हणून पोलिसांच्या भीतीने डॉक्टरांपासून खरे लपवू नये. आणि माणसाच्या सामाजिक किंवा राजकीय स्थानावरून त्याला मनोरुग्ण ठरविता येणार नाही, असेही कायद्यात लिहिले आहे. ‘डोके फिरले आहे त्याचे’ असे म्हणून बंडखोराला गप्प बसविण्याची जुनी रीत आपण जाणतो. तिच्याविरुद्ध हे कलम उपयोगी आहे.

कार्यकर्त्याने काय करावे

बोलण्यापासून सुरुवात करावी. माणूस प्यालेला असताना बोलू नये. सकाळी, शुद्धीत असताना, एकट्याला गाठून बोलावे. “तू घराण्याला काळिमा फासलास” याऐवजी “तुझे हात थरथरतात, मला काळजी वाटते, उद्या मी तुझ्याबरोबर ससूनला येतो” असे म्हणावे. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. केसपेपरच्या रांगेत उभे राहणे, खिडकीवरचा तुसडेपणा सोसणे, डॉक्टरांची भाषा समजणे हे एकट्याला जमत नाही. तहसील कचेरीत दाखल्यासाठी आपण जसे बरोबर जातो तसेच येथे जावे.

कोणाकडे जावयाचे हेही ठाऊक असावे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीचा डॉक्टर असतो. तो औषधे देतो. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्याच्या मार्गाने मदत करतात. ते औषधे देत नाहीत. व्यसनात बहुधा दोहोंची गरज पडते. खाजगी केंद्रात माणूस ठेवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: केंद्राची कायद्याप्रमाणे नोंदणी आहे काय? डॉक्टर कोण आणि केव्हा येतात? घरच्यांना भेटू देतात काय? तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले तर तेथून निघावे. काही ठिकाणी उपचाराच्या नावाखाली कोंडणे आणि मारणे चालते.

रात्री-अपरात्री कोणी मरणाची भाषा बोलत असेल तर ती धमकी समजू नये. त्याला एकटे सोडू नये. ‘टेली मानस’ ही शासनाची विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येते. व्यसनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. हे दोन आकडे विहाराच्या, वसतिगृहाच्या आणि कोठीच्या भिंतीवर रंगवावेत. नकळत दारू सोडविणाऱ्यांच्या जाहिरातीशेजारी रंगविले तर अधिकच चांगले.

आणि तो पुन्हा प्याला तर? बहुतेक जण एकदा तरी पुन्हा पितात. मधुमेहाच्या माणसाची साखर पुन्हा वाढली तर आपण त्याला समाजातून काढीत नाही, औषध बदलतो. तसेच येथे करावयाचे. आठवड्यातून एक संध्याकाळ विहाराची खोली अशा सभेसाठी द्यावी. तेथे सोडलेल्याने, सोडू पाहणाऱ्याने आणि कालच पुन्हा प्यालेल्यानेही यावे. पाचवे शील शिकावयाचे असेल तर शिकण्याची जागाही समाजानेच द्यावयास हवी.